मदत हवी आहे: थायरॉइडचं मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट (औषधं फुकट मिळण्याचं) अडकलंय (इंग्लंड)

नमस्कार मंडळी. आम्ही लेस्टरला असतो. बायकोला हायपोथायरॉइडिझम निघाला, लेव्होथायरॉक्सिन सुरू आहे. वय ३८, गरोदर नाही, सरकारी बेनिफिट्स नाहीत, डिपेंडंट व्हिसा, व्हिसासोबतचा हेल्थ सरचार्ज भरलेला. (वेल्स-स्कॉटलंडात औषधं सगळ्यांनाच फुकट, माहीत आहे. त्यासाठी घर हलवणार नाही!)

सर्जरीतून (म्हणजे आमच्या जीपीच्या दवाखान्यातून) या सर्टिफिकेटचा एफपी९२ए फॉर्म घेतला, भरून पाच आठवड्यांपूर्वी रिसेप्शनवर दिला. रिसेप्शन म्हणतं "पाठवला". सर्टिफिकेट देणाऱ्या एनएचएस बिझनेस सर्व्हिसेसला फोन केला, तर त्यांच्याकडे पोचलेलाच नाही. काल दुसरा फॉर्म भरून दिला, डॉक्टरांची सही बाकी आहे.

तोवर दर आयटमला (प्रत्येक औषधाला) ९.९० पौंड भरतोय. सर्टिफिकेट हातात नसताना प्रिस्क्रिप्शनच्या मागे सूट आहे अशी टिक केली तर १०० पौंडांपर्यंत दंड, म्हणून ती वाट नको. पहिल्या वेळी एफपी५७ पावती (पैसे परत मागायला लागते ती) मागायची राहिली, ती नंतर मिळत नाही म्हणे, ते पैसे गेले. पुढच्या दोन वेळच्या पावत्या आहेत.

खरी अडचण तारखेची. सर्टिफिकेट अर्ज पोचल्याच्या एक महिना आधीपासून लागू होतं, म्हणजे नव्या फॉर्मवर जुनी पावती बाहेर पडते. सर्जरीने लिहून दिलं तर पहिल्या फॉर्मची तारीख धरतात का? कुणी असं करून घेतलंय का, आणि पत्र नेमकं कुणाकडून लागतं, डॉक्टर की प्रॅक्टिस मॅनेजर?