आरसी (रिमोटवरच्या) गाडीचे पांढरे व्हील घरी डाय करायचेत, कोणता रंग घ्यावा?

परभणीचा_बग्गीवाला
नमस्कार मंडळी. माझ्याकडं एक दहा स्केलची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी) जुनी बग्गी हाय, सेकंडहँड घेतलेली, व्हील पांढरे डिश टाइपचे. आमच्याकडं पळवायला जागा दोनच, एक गावाबाहेरचा मुरमाचा प्लॉट आन् दुसरं काढणी झालेलं वावर, त्यामुळं व्हील आता पांढरे राहिलेच नाहीत, कितीबी घासा मळकटच दिसायलेत. स्प्रे मारला तर पोपडे निघतात, अर्धा कलर तर टायर चढवतानाच जातो. यूट्यूबवर बाहेरच्या देशातले लोक पातेल्यात रंग गरम करून त्यात व्हील सोडतात आन् मस्त केशरी, निळे काढतात. इथं दुकानात ओढण्या रंगवायच्या पुड्या मिळतात त्या चालतील का? टायर फेव्हीक्विकनं चिकटवलेत, ते काढावेच लागतील का? आन् गरम पाण्यात व्हील वाकडं तर होणार नाही ना? नवीन सेट घ्या असं कुणी सांगू नका, या मॉडेलचे मिळंनात.

नांदेड_ड्रिफ्ट
कामून एवढा विचार करायलाव भाऊ, दहा-वीस रुपयाची पुडी आणा, मीठ टाका, उकळा, व्हील सोडा, झालं. रंग लागतो.

वाळूज_मोल्डिंग
लागतो हो, पण टिकतो का ते पण सांगा की. त्या पुड्या सुती कापडासाठीच्या असतात, मीठ टाकायला सांगतात ते त्याच्यासाठीच. प्लास्टिकवर वरवर डाग बसल्यासारखा बसतो आणि ओल्या फडक्यानं पुसला की फडकं लाल.

बग्गीवाले, आधी रंगाचं सोडा, व्हील कशाचं आहे ते बघा. मी इंजेक्शन मोल्डिंगच्या (वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून पार्ट काढायच्या) शॉपवर असतो, आमच्याकडं रोजचं काम हेच आहे म्हणून सांगतो. टायर काढून व्हीलच्या आतल्या बाजूला नीट उजेडात बघा, बारीक अक्षरं उठवलेली असतात. पीए असेल तर नायलॉन, एबीएस म्हणजे एबीएस, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन निघालं तर तुमचं नशीब, रंग सगळ्यात चांगला तोच पितो. एबीएसला ॲसिड डाय (रेशमाला वापरतात तो) चालत नाही, डिस्पर्स डाय लागतो, म्हणजे पॉलिस्टरचा. आणि पीपी असेल तर गॅस पेटवूच नका, त्याला घरी कुठलाच डाय धरत नाही.

अक्षरं नसली तर कडेला राहिलेला फ्लॅशचा, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेल्या जादा प्लास्टिकचा, बारीक तुकडा ब्लेडनं काढा आणि पाण्यात बुडवून बघा, बोटानं दाबून बुडबुडे काढून. तरंगला तर पीपी समजा, नायलॉन आणि एबीएस दोन्ही बुडतात. त्या दोघांतला फरक नेलपॉलिश रिमूव्हरनं कळतो, पण बाटलीवर ॲसिटोन लिहिलेलं बघून घ्या, आजकाल बिनॲसिटोनचे पण येतात. आतल्या बाजूला कापसानं एक थेंब लावा. एबीएस लगेच चिकट होतं, नायलॉनला काही होत नाही. जाळून पण कळतं, एबीएसचा काळा धूर आणि काजळी उडते, पीपीला मेणबत्ती विझवल्यासारखा वास, पण ते घरात करू नका, धूर चांगला नाही.

क्रोमचे चकचकीत व्हील असतील तर क्रोम काढल्याशिवाय रंग आत जाणार नाही. आणि काळ्याचं काहीच करता येत नाही, डाय फक्त गडदाकडं नेतो.

सेलूकर_९
मधेच विचारतो माफ करा, माझे फ्लोरोसंट पिवळे आहेत, निळे होतील का?

वाळूज_मोल्डिंग
हिरवे होतील.

परभणीचा_बग्गीवाला
दादा पीए६ सापडलं! आतल्या बाजूला, हेक्सच्या (सहा कोनी) खाचेजवळ, चष्मा लावून दिसलं. पुढं जीएफ असं काहीतरी नाही, नुसतं पीए६. आता डाय कुठला आणू? ऑनलाइन रिट कंपनीच्या डायचं पाकीट दिसायलंय पण एवढ्याशा कामाला लई महाग पडंल.

पैठणचा_रंगवाला
जीएफ नाही ते बरंय, काचतंतू भरलेलं नायलॉन असलं की तंतू रंग घेत नाहीत आणि व्हील चट्ट्यापट्ट्याचं दिसतं.

आता डाय. आमच्या घरात पैठणीच्या रेशमाची रंगाई चालते, दोन पिढ्या. रेशमाला ॲसिड डाय वापरतात आणि नायलॉनलाही तोच चालतो, कारण रेशीम आणि नायलॉन दोन्हीत रंगाचा कण धरून ठेवणारी जागा सारखीच असते, अमाइनची. पाण्यात आंबटपणा आला की ती जागा जागी होते आणि रंगाला आत ओढते. म्हणून आंबट घातल्याशिवाय काही होत नाही, मिठाचा इथं काय संबंध नाही. सूत-रेशमाचे रंग विकणाऱ्या दुकानात सुटी पावडर मिळते, थोडीशीच मागा, चार व्हीलला चिमूट-दोन चिमूट पुरते. मागताना 'मिलिंग'चा ॲसिड डाय मागा, तो धुण्याला जास्त टिकतो. उन्हाचं मात्र बघून घ्या, गुलाबी आणि झगझगीत शेड आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात फिक्या पडतातच. मेटल कॉम्प्लेक्सचे रंग उन्हाला भारी, पण ते जरा मंद दिसतात, चमचमीत केशरी त्यात निघायचं नाही.

करायचं असं. व्हील भांड्याच्या साबणानं दोनदा धुवा, बोटाचं तेल राहिलं की तिथं चट्टा उठतो, आणि धुतल्यावर बाहेरच्या बाजूला हात लावू नका. स्टीलचं मोठं पातेलं घ्या, जर्मनचं नको, आंबटाची त्याच्याशी रिॲक्शन होते आणि शेड बिघडते. तीन लिटर पाण्याला कपभर पांढरं व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर असतं तेच. पावडर आधी वाटीभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मगच गाळून ओता, नाहीतर कण व्हीलवर बसून काळे ठिपके पडतात आणि ते परत निघत नाहीत. पाणी कोमट असतानाच व्हील सोडा आणि मग हळूहळू तापवा. लोक उकळत्यात टाकतात आणि मग म्हणतात एक बाजू गडद एक फिकी. 85-90 डिग्रीला ठेवा, म्हणजे तळाशी बारीक बुडबुडे सुटायला लागतात पण खळखळ उकळत नाही, एवढं. व्हील तळाला टेकू देऊ नका, हेक्सच्या भोकातून सुतळी ओवून आडव्या काठीला लटकवा आणि हलवत राहा. दर पाच मिनिटाला एक उचलून बघा, ओला असताना रंग जरा गडदच दिसतो. पाहिजे त्याच्यापेक्षा किंचित पुढं जाऊ द्या, मग गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्या. पाण्याचा रंग उतरून ते फिकट झालेलं दिसलं की समजा रंग आत गेला.

आणि ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही. हे घरात आधीच सांगून ठेवा, नंतर भांडण नको.

लातूरची_ताई
पाण्याचं कुणी बोलेना म्हणून लिहिते. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड आहे की गिझरची कॉइल पांढरी होते, त्यात रंग घातला की शेड मळकी येते. मुलाच्या गाडीच्या व्हीलला मी आरओचं पाणी वापरलं. आरओमधून बाहेर पडणारं वाया पाणी मात्र घेऊ नका हं, सगळे क्षार त्यातच असतात, ते फरशीला वापरा. ज्या गावाला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं चार व्हीलसाठी बादल्या ओतायच्या नाहीत, म्हणून मी एकाच पाण्यात दोन सेट काढले, आधी गडद आणि उरलेल्या पाण्यात फिकट. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्व चालतं, चमचाभर. फेव्हीक्विकवर मात्र रंग बसत नाही, तिथं पांढरे ठिपके राहतात, तेवढं खरवडून घ्या.

नांदेड_ड्रिफ्ट
बरं बाबा मान्य, पुडी कॅन्सल. पण टायर कसे काढायचे ते सांगा की, बग्गीवाल्याचा दुसरा सवाल तसाच पडलाय.

वाळूज_मोल्डिंग
उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवून ठेवायचे, त्या गोंदाला उष्णता आणि ओल दोन्ही सोसत नाही. मग बोथट स्क्रूड्रायव्हर कडेत घालून गोल फिरवत उचलायचं. रबराचा टायर तगतो, आतला फोम भिजतो, तो सावलीत पूर्ण वाळू द्या, ओला बसवला की गाडी हादरते. नायलॉनचे आहेत म्हणून ॲसिटोनमध्ये बुडवले तरी व्हीलला धोका नाही, पण एबीएसवाल्यांनी हे वाचून तसं करू नये, व्हील हातात विरघळेल.

वाकडं व्हायचं म्हणाल तर नायलॉन या तापमानाला मोठं काही करत नाही. उलट मोल्डमधून कोरडा निघालेला नायलॉनचा पार्ट ठिसूळ असतो, आम्ही मुद्दाम गरम पाण्यात टाकून त्याला पाणी पाजतो, मग तो चिवट होतो. तुमचे व्हील दगडावर आपटले तर आता कमी तडकतील. फक्त पाणी पिऊन किंचित फुगतात, पहिल्या दिवशी हेक्स घट्ट बसेल, हातोडी घेऊ नका, एक-दोन दिवस वाळू द्या. बेअरिंगवाले व्हील असतील तर बेअरिंग आधीच काढून ठेवा.

एबीएसवाल्यांना वेगळं, त्यांनी 75-80 च्या वर जाऊ नये आणि खिडकी उघडी ठेवावी, डिस्पर्स डायचा वास डोक्यात जातो.

परभणीचा_बग्गीवाला
लई भारी. माझ्याकडं एक तडा गेलेलं पाचवं व्हील पडूनच हाय, आधी त्याच्यावर केशरी काढून बघतो. पैठणवाले दादा, उन्हानं पिवळं पडलेल्या भागावर शेड सारखी येईल का, एका बाजूला जास्त पिवळंय.

पैठणचा_रंगवाला
फिकट केशरीत तो फरक दिसणारच. वरचा थर उन्हानं खराब झालेला असतो, 400 नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरनं हलका घासा, तरी दिसला तर सरळ मरून किंवा गडद निळ्यावर जा. पाचवं व्हील रंगवलं की त्याचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून टाका, ट्यूबच्या उजेडातला नको.