मदत हवी आहे: वहिनीची मशेरी सुटत नाही, सहावा महिना चालू आहे

वहिनी पहिलटकरीण आहे. गाव सातारा जिल्ह्यात. लग्नाआधीपासून मशेरी लावते: उठल्या उठल्या, दुपारी भांडी आवरल्यावर, रात्री झोपताना. आईलाही तीच सवय, त्यामुळे तव्यावर तंबाखू भाजून डबी भरायचं काम दोघी मिळून करतात. आईचं म्हणणं, "मी लावतच होते, तुम्ही धडधाकट झालातच ना?"

दवाखान्यात तंबाखू खाता का विचारलं तर वहिनी नाही म्हणाली. खोटं बोलली असंही नाही, आमच्याकडे मशेरी दात घासण्यातच धरतात. पण मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास वाचला, २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी, बाळंतपणही सहाएक दिवस आधी. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

मध्ये बंद करून बघितली, तर डोकं धरून बसली, पोटही साफ होईना. एकदम सोडवू की हळूहळू? भाऊ निकोटिनचं च्युइंगम आणतो म्हणतोय, चालेल का?

प्रतिसाद १
आरोग्य केंद्रात सिस्टर होते, म्हणून लिहिते. च्युइंगम परस्पर नको, तेही निकोटिनच. डॉक्टरांनी दिलं तरच. आधी त्यांना मशेरीचं सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या, रागावले तर रागावले. धूर नसला तरी निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, मग वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी पडतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ वजन धरतं, त्यामुळे आत्ता सोडली तरी उपयोग आहे. एकदम की हळूहळू तेही तिथेच विचारा, पण गाठायचं पूर्ण बंदच.

डोकेदुखी सुरुवातीचे दिवस जोरात असते, मग उतरते. आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील ना? त्यांनीही पोट गच्च होतं, सगळं खापर मशेरी सोडण्यावर फोडू नका. साधी पेस्ट द्या. लाल मंजन नको, काही मंजनांत तंबाखू सापडलेली आहे. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी मोफत फोनसेवा (क्विटलाइन) आहे, वहिनीलाच बोलू द्या.

आई सोडणार नसतील तर निदान भाजण्याचं काम वहिनीकडून काढा. बाळ झाल्यावर पुन्हा सुरू झाली तर निकोटिन दुधात उतरतं. मात्र तेवढ्यासाठी अंगावरचं पाजणं तोडायचं नाही.

धागाकर्ती
आभार ताई. लोहाच्या गोळ्यांचं लक्षातच आलं नव्हतं. भावाला च्युइंगम आणू नको म्हणून आत्ताच फोन केला. पुढच्या तपासणीला मी सोबत जाते.