काळ्या कातळात पाऊल उमटत नाही, पण पिसदुरा जवळ आहे

यवतमाळकडच्या नाल्यात काळ्या दगडावर गोल खळगे दिसले, ते डायनासोरची पावलं असतील का, असं एकाने विचारलंय. दगड काळा कातळ असेल तर नाही. तो थिजलेला लाव्हा. पुराच्या भोवऱ्यात गोटे एकाच जागी गरगर फिरले की असे रांजणखळगे पडतात. पावलाला ओला गाळ लागतो, आणि मग त्या गाळाचा खडक व्हावा लागतो. खरे ठसे डावा-उजवा करत, साधारण सारख्या अंतराने पुढे जातात.

तरी शोध सोडू नका. लाव्ह्याखाली काही ठिकाणी लॅमेटाचे, म्हणजे डायनासोरांच्या काळात साचलेल्या गाळाचे थर आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथे टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या महाकाय डायनासोरांची हाडं सापडली आणि दगड झालेली विष्ठाही. मला तर हाडांपेक्षा ही विष्ठाच मोलाची वाटते. २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले. तोवर गवत डायनासोरांनंतर आलं असं मानत. पुढे भाताच्या कुळातलं गवतही त्यात ओळखलं गेलं. धानाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे शाळेत कुणी सांगितलं नाही, याची फार हळहळ वाटते.

नाल्यात लॅमेटासारखा पांढुरका, चुनखडीसारखा थर दिसला तर खोदू नका, काही उचलूही नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. दगड जागेवरून हलला की तो कोणत्या थरातला हे कळत नाही.