कूस बदलली की खोली गरगरते, हा व्हर्टिगोच का?

गेले पाच दिवस पहाटे उजव्या कुशीवर वळले की अख्खी खोली गरागरा फिरायला लागते, समोरचं कपाट एका बाजूला पळतंय असं दिसतं, मी उशी घट्ट धरून डोळे मिटून पडते, अर्ध्या मिनिटात थांबतं पण मळमळ बराच वेळ राहते. डावीकडे वळले तर काहीच नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच. ऐकायला नीट येतं, कानात आवाज वगैरे नाही. घरचे म्हणतात बीपी लो झालं असेल, पण मोजलं तर 120/80. मानेचं असेल का? एमआरआय करावा लागेल का? खूप भीती वाटतेय.

प्रतिसाद १
ताई, बीपीची घेरी पडल्यापडल्या कूस बदलताना येत नाही, ती उठून उभं राहिल्यावर येते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तुमचं वर्णन माझ्यासारखंच आहे. मी डॉक्टरांना नुसतं 'चक्कर येते' एवढंच सांगितलं आणि दोन महिने गोळ्या खात बसलो, शेवटी दुसऱ्या कानाच्या डॉक्टरांनी विचारलं गरगरतं की तोल जातो, किती सेकंद, कशाने सुरू होतं. मग टेबलावर बसवून मान 45 अंश उजवीकडे वळवली आणि झटकन आडवं केलं, डोकं कडेखाली. चार-पाच सेकंद काही नाही आणि मग एकदम सुरू! ते माझ्या डोळ्यांकडेच बघत होते, बुबुळं थडथड उडत होती म्हणे. डिक्स-हॉलपाईक म्हणतात या टेस्टला, 1952 पासून आहे. निदान तिथेच झालं, एमआरआय लागला नाही.

प्रतिसाद २
मी फिजिओ आहे, असे पेशंट नेहमी बघते. हे बहुतेक बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की थोडा वेळ येणारी गरगर, असावं, पण तपासल्याशिवाय कोणी पक्कं सांगू नये. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की मान हलल्यावर मेंदूला चुकीचा सिग्नल जातो. झटका साधारण मिनिटाच्या आत संपतो. वीस मिनिटं ते काही तास गरगरत राहिलं आणि सोबत एका कानाला कमी ऐकू येणं, आवाज, दडा बसल्यासारखं असेल तर मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराचा विचार होतो. सलग दिवसभर, दुसऱ्या दिवशीही चालूच, पण ऐकू नीट येतंय, तर संतुलनाच्या नसेला सूज असू शकते. मायग्रेनवाल्यांना डोकं न दुखताही गरगरू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि एक कळकळीने सांगते, गरगरण्यासोबत बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, चेहरा किंवा हातपाय लुळा पडणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, अचानक भयंकर डोकेदुखी, यातलं एकही असलं तरी थांबू नका, सरळ इमर्जन्सीत जा, तो स्ट्रोक असू शकतो.

प्रतिसाद ३
आईला हेच झालेलं. झटका आला तेव्हा मोबाईलवर तिच्या डोळ्यांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला, फार उपयोग झाला. एप्लीने, म्हणजे डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागेवर नेतात त्या उपायाने, दोन वेळात बरं वाटलं. पण व्हिडिओ बघून घरी करू नका, कुठला कान, कुठली नळी ते आधी कळायला हवं.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. धोक्याची लक्षणं एकही नाहीत. उद्याची ईएनटीची अपॉइंटमेंट मिळाली, तोवर उशी उंच घेऊन झोपतेय आणि किती वाजता, कुठल्या कुशीवर, किती सेकंद हे सगळं कागदावर लिहून ठेवलंय. टेस्ट झाली की इथेच कळवते.