मदत हवी आहे: आईला सर्वांगाची मालीश करताना वेगवेगळ्या पद्धती कशा एकत्र करू?

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची आहे. २६ वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं तिने, या पाडव्याला बंद केलं. काम सुटलं, पण अंग अजून ओट्यापाशीच उभं असल्यासारखं आहे. उजवा खांदा वर चढलेला, मान आखडलेली, पहाटे तीनला जाग. डॉक्टरांनी तपासलं, गंभीर काही नाही म्हणाले. साखरेची गोळी चालू आहे आणि डाव्या पोटरीवर शिरा फुगल्या आहेत.

दर रविवारी मी तिला मालीश करून देते. माझ्या बाळंतपणात मालीशवाल्या मावशी यायच्या, त्यांचं बघून कोमट तिळाच्या तेलाची मालीश शिकले: हातापायांवर लांब हात, सांध्यांवर गोल. थाई मसाजचं छोटं शिबिरही केलंय. त्यात तेल नसतं, सतरंजीवर, अंगावर कपडे ठेवून तळहाताने दाब द्यायचा आणि मग ताण. शिवाय तळवे घासायला घरातली काशाची वाटी आणि साजूक तूप.

गेल्या रविवारी तिन्ही एकदम केलं. आधी तेल लावलं, त्यामुळे ताण देताना हात निसटायला लागला. मग खांद्यातल्या गाठीवर अंगठ्याने जोर लावला. सगळं मिळून दीड तास चाललं. उठताना तिला गरगरलं आणि दुसऱ्या दिवशी खांदा इतका ठणकला की वेणी घालता येईना. "बरं वाटलं गं, किती राबतेस," म्हणाली, त्याने मला आणखीच वाईट वाटलं.

क्रम काय ठेवू? किती वेळ? आणि वाटीने तूप काळं पडतं, ती म्हणते उष्णता निघाली. ते खरं का?

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं मसाजचं काम करते, म्हणून लिहिते. तुमच्या पद्धती चांगल्या आहेत, क्रम उलटा झाला. कोरडं आधी, तेल मग, वाटी शेवटी.

पहिली दहा-पंधरा मिनिटं कपड्यांवरूनच पाठ, कंबर, दंड तळहाताने चेपा. ताण तिचा श्वास सुटताना, तोही थोडाच. मान मुरडायची नाही, न्हाव्याकडे कडकडा मोडतात तसं तर अजिबात नाही. मग तेल. खांद्याची गाठ एका दिवसात फोडायला जाऊ नका. आजूबाजूचा भाग ऊब येईपर्यंत चोळा, गाठीवर नुसता तळहात टेकवून ठेवा. दुखून तिने श्वास रोखला की तुमचा जोर जास्त झाला असं समजा. एकूण पाऊण तास पुरे. वेळ कमी असेल तर डोकं, कान आणि पाय एवढंच करा. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही अभ्यंगासाठी, म्हणजे तेल लावण्यासाठी, याच तीन जागा विशेष सांगितल्या आहेत.

फुगलेल्या शिरांवर दाब नको, वाटीही नको. एखादी पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर मालीश करूच नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शिरेत गुठळी असू शकते. साखर असल्याने तळव्यांची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून डोळे मिटायला सांगून बोट कुठे लागतंय ते विचारा आणि तेल आपल्या मनगटावर तपासा. गोळी घेऊन उपाशी पोटी मालीश नको, भरल्या पोटीही नको. झाल्यावर कुशीवर वळवा, दोन मिनिटं बसवा, मग उठवा. गरगरणं पुन्हा झालं तर डॉक्टरांना सांगा. न्हाणीघरात तेलकट पायाने एकटीला सोडू नका. आधी तळवे मसुराच्या पिठाने पुसून घ्या.

तूप काळं पडतं ते धातूमुळे. कासं म्हणजे तांबं आणि कथील, तुपाशी घासलं की काळपट येतं. आईंना मात्र उष्णता निघाल्यासारखं वाटून झोप लागत असेल तर त्यावरून वाद घालू नका.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार, ताई. आज तसंच केलं, ४५ मिनिटांत आटोपलं. डाव्या पायाचा नुसता तळवा केला, शिरा सोडून. उजव्याला वाटी लावेपर्यंत आई घोरायला लागली होती. दुपारी उठली, वेणी स्वतः घातली. खांदा अजून वरच आहे. महिनाभर असंच करून इथे कळवते.