‘माझी मैना’ अर्धीच का गायची?

लालबागची लेक
परवा एका लग्नात अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, ऐकली. ओतीव बांधा, गव्हाळ रंग, कोल्हापुरी साज, नाकातली नथ, मग गावदरीवरचा, म्हणजे गावाच्या वेशीवरचा, निरोप. टाळ्या पडल्या आणि गाणं संपलं. मला हे बिलकूल मान्य नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजात ही छक्कड गाजली. गावाकडच्या मैनेची भेट नाही, तीच गत खंडित महाराष्ट्राची झाली, इथपर्यंत ती जाते. बेळगाव, डांग, उंबरगाव असे महाराष्ट्राबाहेर राहिलेले भाग नावानिशी येतात. एवढं सगळं छाटलं की हातात राहतं ते बाईच्या रूपाचं वर्णन. गायची तर पूर्ण गा, नाहीतर गाऊच नका.

ढोलकीवाला
ताई, ‘गाऊच नका’ हे नाही पटत. मी पंधरा वर्षं कलापथकात ढोलकी वाजवतोय. छक्कड फडातली चीज आहे. समोर कोण बसलंय ते बघून शाहीर ती वाढवतो, आवरती घेतो. जुन्या 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, तिथं पोवाड्यांचेही तुकडेच पडले. म्हणून ते खोटे ठरले का? आमच्या गावात मैना पोचली ती लोकशाहीर विठ्ठल उमपांच्या आवाजात. अण्णा भाऊंचं नाव मी त्यानंतर विचारलं. कुणी ‘गावावर’ गातं, कुणी ‘गावाकडं’. तोंडातोंडी चालणाऱ्या गाण्याचं असंच होणार. शिवाय 1960 ला राज्य झालं, मुंबई मिळाली. आज लग्नात उंबरगाव म्हटलं तर माणसं एकमेकांकडं बघतात. गाव सोडून निघालेल्या पोराचा निरोप मात्र अजून काळजाला लागतो.

निपाणीकर
मुंबई मिळाली. आम्ही निपाणीवाले अजून इकडे कर्नाटकातच आहोत. तो शेवट आमच्यासाठी जुना झालेला नाही.

वाटसरू
तुम्ही दोघं दोन टोकं धरून बसलात, मधलं कुणीच बोलत नाही. निरोप आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये मुंबई आहे. बेकारांच्या गर्दीत हरवलेला तो गडी, हडसनची गाडी, नायलॉनच्या साड्या, भांडवलदार, आणि भर पावसात साध्या छत्रीची वाण! दागिन्यांनी मढवीन असं वचन देऊन आलेल्या माणसाकडं छत्री नाही. माझ्या लेखी सगळ्या छक्कडीचा जीव इथं आहे. वाटेगावाहून मुंबईला येऊन मिळेल ते काम केलेल्या अण्णा भाऊंनीच हे लिहावं.

आणि यमक ऐका. दोघांची, मुंबईची, बेकारांची, महाराष्ट्राची. तोच ‘ची’ पहिल्यापासून शेवटपर्यंत धावतो. बायकोच्या ताटातुटीवरून राज्याच्या ताटातुटीवर शाहीर कधी गेला ते कळतच नाही, कारण कान त्याच लयीत असतो. ढोलकीवाले, तुम्ही म्हणता तशी आवरायला हरकत नाही, पण नेहमी एकाच जागी कात्री लागते, त्याला आवरणं कसं म्हणायचं? गिरणी कामगार गेला, त्याची बायको तेवढी राहिली, दागिन्यांसकट.

लालबागची लेक
छत्रीचं मीही विसरले होते, हे कबूल. माझे आजोबा गिरणीत बदली कामगार होते, त्यामुळे ते जास्तच लागलं. पण यानं माझंच म्हणणं पक्कं होतं. तबकडीच्या मिनिटांची अडचण तेव्हा होती. आज मोबाईलवर कितीही लांब रेकॉर्ड करता येतं, तरी मैना गावदरीवरच का थांबते?

ढोलकीवाला
कारण सुपारी देणारा तेवढंच मागतो. त्याला नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या पार्टीला बोलावतो. कात्री एकाच जागी लागते, हे मात्र खरं आहे, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. 1 ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीला आमचा कार्यक्रम आहे. तिथं छत्रीसकट, उंबरगावासकट पूर्ण घेतो. लग्नात मी अर्धीच वाजवणार.