सल्ला हवा: शाळेच्या हौदात चालणारी चाकांची आगबोट, खर्च 3,000 रुपये

मलप्रभाकाठ
नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांकडून 'वेव्हर्ली' या पॅडल स्टीमरची प्रतिकृती करून घ्यायची आहे. 1946 साली ग्लासगोत पाण्यात उतरलेली ही आगबोट अजून वाफेवर, दोन्ही कुशींच्या चाकांवर, समुद्रात प्रवासी नेते. प्रमाण 1:100 धरलंय, म्हणजे लांबी 73 सेंटीमीटर. काचेच्या पेटीत ठेवायची नाही, शाळेमागच्या हौदात चालली पाहिजे. बुडाला कोणतं लाकूड घ्यावं, चाकं कशाची करावीत आणि कुठली मोटार बसवावी? रिमोट नको. सगळं मिळून 3,000 रुपयांत बसवायचं आहे, शाळेकडून यातले निम्मेच मिळणार.

निपाणीकर
बाई, सरळ किट घ्या. मी मिसिसिपीवरच्या बोटीचा लाकडी किट बाहेरून मागवला. पट्ट्या लेझरनं कापलेल्या, पितळेचे कठडे, छापील पुस्तिका. कस्टम धरून पंचवीस हजारांच्या वर गेला, पण घरी येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्यासमोर उभा राहतो. स्वस्तातलं करायला जाल तर मुलांचा हिरमोड होईल.

चिकोडीचा_सदा
थर्माकोल. गणपतीच्या देखाव्याला आम्ही अख्खं जहाज केलं होतं, मंडळाला बक्षीस मिळालं. पाण्यात बुडायचा प्रश्नच नाही.

शहापूर_पेठ
थर्माकोलवर स्प्रे रंग मारला की तो विरघळतो, हे सदाभाऊंनी सांगितलं नाही. सनबोर्ड घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळतंय की, ब्लेडनं कापता येतं. आर्किटेक्टची पोरं घरांची मॉडेलं त्याचीच करतात.

उद्यमबाग_टर्नर
नमस्कार बाई. लेथवर आयुष्य गेलं माझं. चाकं पितळेचीच करा, दुसरा विचारच नको. 1:100 फार बारीक पडतंय, 1:50 करा. दीड मीटरची बोट हौदात उतरली की गाव बघायला येईल. पितळेचा रॉड आणून द्या, फिरवून मी देतो, मजुरी घेणार नाही.

अनगोळचे_अण्णा
व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये नोकरी केली, म्हणून लिहितो.

बाई, लाकूड नंतर. आधी वजन. वेव्हर्लीची लांबी 73 मीटर, चाकांची घरं सोडून मूळ रुंदी 9 मीटर, आणि पाण्याखाली जेमतेम 2 मीटर. 1:100 ला हे 73, 9 आणि 2 सेंटीमीटर. गुणाकार 1,314 घन सेंटीमीटर. टोकं निमुळती आहेत, बूड कडेला गोल आहे, म्हणून साधारण निम्मं धरा. म्हणजे ही बोट 650 ते 700 ग्रॅम पाणी बाजूला सारते, आणि बूड, डेक, दोन धुराडी, चाकं, यंत्र, रंग धरून तिचं वजनही तेवढंच असायला हवं. त्यापुढे गेली तर चाकं खोल बसतात. चाक खोल बसलं की फळ्या पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतात आणि वर उचलतात. सगळी ताकद त्यातच जाते.

टर्नर साहेबांची पितळी चाकं सुंदर होतील यात शंका नाही, पण 1:100 ला ती चालणार नाहीत. 1:50 ला लांबी दुप्पट होते, वजन मात्र आठपट, साडेपाच किलोच्या आसपास. तेवढ्यात पितळ खपेल. पण हौद केवढा आहे?

मलप्रभाकाठ
हौद साडेतीन मीटर लांब आहे. म्हणून 1:100.

मंडोळी_रोड
पॅडल कशाला ओ? प्रोपेलर लावा की. 1845 मध्ये इंग्रजांच्या नौदलानं 'रॅटलर' आणि 'अलेक्टो' शेपटाला शेपूट बांधून ओढायला लावली. प्रोपेलरच्या रॅटलरनं चाकांच्या अलेक्टोला उलटं ओढत नेलं. मुलांना हरलेलं तंत्र शिकवायचं काय म्हणून?

अनगोळचे_अण्णा
रॅटलरची गोष्ट खरी आहे. पण उथळ नदीत आणि लहान धक्क्यांवर चाकांची बोट त्यानंतर शंभर वर्षं टिकली, कारण तिला पाणी कमी लागतं. बांगलादेशात 1920 च्या दशकातल्या चाकांच्या बोटी, पुढे डिझेल इंजिनं बसवून, आपल्या काळापर्यंत ढाका-खुलना मार्गावर धावल्या. शिवाय प्रतिकृतीसाठी एक मोठी सोय आहे. प्रोपेलरचा दांडा बुडातून पाण्याखाली बाहेर काढावा लागतो, तिथून गळती होते. चाकांचा दांडा पाण्याच्या रेघेच्या वर असतो. भोक पाडा, नळी बसवा, झालं.

ताराराणी_कोल्हापूर
हौदात मजा नाही. आणा बोट रंकाळ्यावर.

मंडोळी_रोड
रंकाळा कशाला, आमचा किल्ला तलाव काय वाईट आहे?

ताराराणी_कोल्हापूर
रंकाळा तो रंकाळा.

हिडकल_बॅकवॉटर
तलाव, धरण कुठेच नको. माझी रिमोटची बोट हिडकलच्या पाण्यात वाऱ्यानं अशी लांब गेली की रेंजच तुटली, परत मिळाली नाही. बॅटरी नवी घालून दिली असं दुकानदार म्हणाला होता, ती अर्ध्यात बसली. बाईंचा हौदच बरा.

मोटारीचं सांगतो. प्रोपेलरची वेगवान मोटार घेऊ नका, चाकं नुसती पाणी उडवतात. एन-20 गिअर मोटार मिळते, बोटाच्या पेराएवढी. 6 व्होल्टची, मिनिटाला 200 फेऱ्यांची बघा. ऑनलाइन स्वस्त पडते, गावातल्या दुकानात मला दुप्पट भाव सांगितला.

शहापूर_पेठ
मोटार ऑनलाइनच घ्या. आणि सनबोर्डच घ्या. पण कापलेली कड उघडी ठेवली की पाणी आत शिरून फुगतं, म्हणून कडांना ॲराल्डाइट चोपडा. चाकांच्या फळ्या जुन्या एटीएम कार्डाच्या कापा, पाण्यानं काही होत नाही.

राजहंसगड
सगळं वाचलं. वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. बाई, आपली आगबोट सोडून ग्लासगोची कशाला? 'ह्यू लिंडसे' ही चाकांची आगबोट 1829 साली मुंबईच्या गोदीत बांधली, वाडिया घराण्याच्या हाताखाली. 20 मार्च 1830 ला मुंबईहून निघाली आणि 22 एप्रिलला सुएझला पोचली. आणि त्याच गोदीतलं 1817 चं मलबारी सागाचं 'ट्रिंकोमली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. आपल्या मुलांना हे माहीत नको? खानापूरचा साग वापरून ह्यू लिंडसे करा. मी 500 रुपये देतो.

निपाणीकर
ह्यू लिंडसेचा किट मिळतो का कुठे?

उद्यमबाग_टर्नर
राजहंसगड यांच्याशी सहमत. आपलीच करा. आणि चाकं पितळेचीच करा.

अनगोळचे_अण्णा
ह्यू लिंडसे मलाही प्रिय आहे, आणि चाकाबद्दलचा सगळ्यात चांगला धडा तिच्याकडेच आहे. एडनपर्यंत पुरेल एवढा कोळसा तिच्या कोठ्यांत मावत नव्हता. मग तो केबिनमध्ये भरला, डेकवर रचला. बोट इतकी खाली बसली की चाकं पार बुडाली आणि वेग मेला. कोळसा जळत गेला तशी ती उचलली आणि नीट चालू लागली. वर वजनाचं लिहिलंय ते नेमकं हेच.

पण तिच्या बुडाचा भरवशाचा आराखडा समोर नसेल तर ती प्रतिकृती नव्हे, कल्पना होईल. वेव्हर्लीचे फोटो चहूबाजूंनी मिळतात. आणि सागाचा मोह आवरा, 700 ग्रॅममध्ये तो जड आहे.

चाकाबद्दल. वेव्हर्लीच्या फळ्या चाकाला घट्ट जडवलेल्या नाहीत, बिजागरीवर फिरतात. चाकाच्या मध्याशेजारी वेगळ्या केंद्रावरून निघालेल्या सळ्या त्यांना फिरवत राहतात. त्यामुळे फळी पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना जवळजवळ उभी राहते, थप्पड मारत नाही, पाणी उचलत नाही. 1:100 ला हे करायचा हट्ट धरू नका, फळ्या घट्टच ठेवा. मात्र बोट स्थिर असताना सगळ्यात खालच्या फळीची वरची कड पाण्याच्या पृष्ठभागाशी लागली पाहिजे. त्याहून खोल नको. चाकांच्या घरांवर पंख्यासारखी नक्षी दिसते ती नुसती रंगवू नका, भोकं खरी पाडा. आत उडालेलं पाणी आणि कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते.

चिकोडीचा_सदा
थर्माकोलवर आधी फेव्हिकॉल आणि कागद लावला तर रंगानं काही होत नाही. आम्ही तसंच केलं होतं.

हिडकल_बॅकवॉटर
दोन चाकांना दोन वेगळ्या मोटारी लावा. एक पुढे, एक मागे, बोट जागच्या जागी वळते.

अनगोळचे_अण्णा
खेळण्यात वळते. वेव्हर्लीत दोन्ही चाकं एकाच दांड्यावर आहेत, कायम सोबत फिरतात. इंग्लंडच्या नौदलाकडे 1950 च्या दशकातल्या वेगवेगळ्या फिरणाऱ्या चाकांच्या ओढबोटी होत्या, त्यांची प्रतिकृती असेल तर दोन मोटारी बरोबर.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना हा धागा वर्गात वाचून दाखवला, अण्णांचा गुणाकार त्यांनी फळ्यावर करून पाहिला. आता ठरलेलं सांगते.

वेव्हर्लीच करणार. राजहंसगड, ह्यू लिंडसेची सगळी हकीकत शेजारच्या फलकावर मराठी आणि कानडी दोन्हीत लावणार, कोळशाचा भाग मुलं स्वतः लिहिणार आहेत. तुमचे 500 रुपये नकोत, पण प्रदर्शनाला या.

बूड सनबोर्डचं नाही. आमच्या गावच्या सुतारमामांकडे वाळलेला पांगारा आहे, हातात घेतला तर लाकूड आहे असं वाटत नाही. एका ओंडक्यातून बाहेरचा आकार ते काढून देणार, आतून मुलं पटाशीनं कोरणार. रोज तराजूवर ठेवायचं आणि वहीत वजन लिहायचं.

आणि मोटार लावणार नाही. मुलांच्या घरी मोटारी आहेत, बटण दाबलं की काहीतरी फिरतं हे त्यांना माहीत आहे. सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, आत अडकवायची, दुसरं टोक चाकांच्या दांड्यावर गुंडाळायचं. 73 सेंटीमीटरच्या बोटीत पट्टीला भरपूर लांबी मिळते. गुंडाळताना पट्टी बोटांना ओढते. कोळशातली ताकद बोटीत कुठून आली, हे मला त्या ओढीवरून शिकवायचं आहे. हौदाचं दुसरं टोक गाठलं की पुरे. दांड्याला सायकलचा स्पोक आणि फळ्यांना एटीएम कार्ड, शहापूरकरांचं एवढं मात्र घेतलं.

टर्नर काका, पितळी चाकं नकोत, पण नांगर आणि घंटा करून द्याल का? दहा-दहा ग्रॅमच्या आत.

उद्यमबाग_टर्नर
घंटा पाच ग्रॅमची देतो, वाजणारी. पण रबरावर बोट हौद पार करणार नाही, मोटार बसवाच.

हिडकल_बॅकवॉटर
मोटार बसवा बाई.

निपाणीकर
पांगारा किडतो. किटमध्ये ही भानगड नसते.

मलप्रभाकाठ
पांगाऱ्याला आतून-बाहेरून वॉर्निश देणार आहोत. अण्णा, सुकाणूचं तेवढं सांगा, फोटोत पाण्याखालचं दिसत नाही.

अनगोळचे_अण्णा
मापापेक्षा थोडं मोठं करा. प्रोपेलरचं पाणी थेट सुकाणूवर आदळतं, चाकांचं दोन्ही बाजूंनी निघून जातं, म्हणून चाकांची बोट हळू असताना सुकाणूला दाद देत नाही. पत्र्याचं करा, उभ्या तारेवर घट्ट बसवा, आणि आधी हौदात सोडून बोट कुठल्या बाजूला ओढते ते बघून वाकवा. रबर दांड्याच्या बरोबर मधोमध गुंडाळा. एका कुशीला सरकलं तर बोट तिकडे कलते, त्या बाजूचं चाक खोल जातं आणि दुसरं हवेत फिरतं.